दोन बुशेल गव्हाची शाळा

१० फेब्रुवारी १८३६ रोजी जॉन लोवेल नावाचा एक आजारी अमेरिकन मुंबई बंदरात उतरला. वय ३६. इजिप्त आणि सुदान पालथे घालून, तांबड्या समुद्रात जहाज फुटल्यावर जीव वाचवून तो इथवर आला होता. मुंबईत त्याला तीन आठवडे मिळाले. ४ मार्चला तो वारला. आज आपल्याकडचा एखादा आयटीवाला लिंक्डइनवर 'हार्वर्ड एक्स्टेन्शन स्कूल, ग्रॅज्युएट सर्टिफिकेट' अशी ओळ टाकतो, तेव्हा त्या ओळीचं मूळ या माणसाच्या मृत्युपत्रात असतं. मुंबईला याची फारशी खबर नाही, आणि सर्टिफिकेटवाल्यालाही बहुधा नसते.

जॉनचे वडील फ्रान्सिस कॅबट लोवेल. इंग्लंडमधल्या कापड गिरण्या डोळ्यांनी पाहून, मागाची रचना डोक्यात साठवून ते घरी परतले आणि त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला गिरणी उभी केली. पुढे वसलेल्या एका गिरणगावाला त्यांचंच नाव मिळालं. मुलाकडे त्यामुळे पैसा भरपूर होता. पण १८३०-३१ च्या काही महिन्यांत त्याची बायको आणि दोन्ही लहान मुली गेल्या. घरात राहवेना म्हणून तो प्रवासाला निघाला. निघण्याआधी मृत्युपत्र केलं, आणि १८३५ मध्ये लक्झरला, त्या प्राचीन भग्नावशेषांच्या सान्निध्यात, आजारपणात त्यात भर घातली.

ते मृत्युपत्र मला एखाद्या कसलेल्या व्यापाऱ्याच्या रोजमेळासारखं वाटतं. मिळकतीचा निम्मा भाग, म्हणजे सुमारे अडीच लाख डॉलर, बोस्टनच्या रहिवाशांसाठी मोफत व्याख्यानं भरवायला. त्यातला पैसा इमारतीवर खर्च करायचा नाही. (आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांना ही अट वाचून घाम फुटेल.) दरवर्षीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुन्हा मुद्दलात टाकायचा. कारभारी एकच, शक्यतो घराण्यातला. आणि जी व्याख्यानमाला अधिक सखोल, अभ्यासूंसाठी असेल तिला फी लावायची झालीच, तर ती दोन बुशेल गव्हाच्या किमतीहून जास्त नसावी.

बुशेल म्हणजे गव्हाचे सुमारे २७ किलो. दोन बुशेल म्हणजे जेमतेम पोतंभर. नाण्यावर लोवेलचा भरवसा नसावा; गव्हावर होता. आपल्याकडच्या बलुतेदाराला हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता.

व्याख्यानं सुरू झाली १८३९ च्या शेवटी. येल विद्यापीठाचे बेंजामिन सिलिमन भूगर्भशास्त्रावर बोलले. पुढच्या हंगामात ते रसायनशास्त्रावर बोलणार होते, तेव्हा तिकिटांसाठी एवढी झुंबड उडाली की पुस्तकांच्या दुकानाच्या खिडक्या फुटल्या, असं सांगतात. विषय रसायनांचा आणि गर्दी नाटकाला व्हावी तशी.

पुढची साठ-सत्तर वर्षं मी भराभर ओलांडतो. १९०० मध्ये या निधीचा कारभार अ‍ॅबट लॉरेन्स लोवेलकडे आला. मंगळावर कालवे दिसल्याचं जगाला सांगणाऱ्या पर्सिव्हल लोवेलचा हा भाऊ. १९०९ मध्ये तो हार्वर्डचा अध्यक्ष झाला. एका हातात निधी, दुसऱ्या हातात विद्यापीठ. १९१० मध्ये त्याने दोन्ही हात जोडले आणि युनिव्हर्सिटी एक्स्टेन्शन सुरू झालं: दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग, शिकवणारे विद्यापीठातलेच प्राध्यापक, परीक्षाही त्याच तोडीची, आणि फी जुन्या मृत्युपत्राला धरून. बायकांनाही पहिल्यापासून प्रवेश. प्रवेश परीक्षा नाही. बोस्टन विद्यापीठ, एमआयटी, टफ्ट्स, वेलस्ली अशा संस्थाही या कामात बरोबर होत्या.

आपल्याकडे याला रात्रशाळा म्हणतात. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्येच आपल्या घरी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग भरवले होते. मुंबईच्या गिरणगावात ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून कामगारांसाठी हेच काम हाती घेतलं. फरक इतकाच की आपल्या रात्रशाळेतून निघालेला मुलगा एसएससी व्हायचा, आणि बोस्टनच्या रात्रशाळेच्या कागदावर हार्वर्डचं नाव असायचं. ते नाव शंभर वर्षांनी काय भावाने विकलं जाईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नसणार.

लॉरेन्स लोवेलबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. मागचं दार उघडणारा हाच माणूस पुढच्या दारावर पहारा बसवत होता. १९२२ मध्ये त्याने हार्वर्डमधल्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करण्याचा प्रस्ताव मांडला. पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात कृष्णवर्णीय मुलांना राहायला मज्जाव केला. तो मज्जाव ओरड झाल्यावर मागे घ्यावा लागला. एक्स्टेन्शनच्या वर्गात मात्र कोणीही येऊन बसावं. मला वाटतं, हे एकाच स्वभावाचे दोन पैलू होते. ओट्यावर सगळ्यांचं स्वागत, माजघरात कोणाला घ्यायचं ते घरचे ठरवणार. पदवीच्या नावातही ते उतरलं आहे: इथल्या पदव्यांना 'एक्स्टेन्शन स्टडीज' असं शेपूट असतं, आणि ते काढा म्हणून विद्यार्थी वर्षानुवर्षं भांडत आले आहेत.

शाळा मात्र चिवट निघाली. दूरवर पोचण्याची तिची हौस जुनीच. लोवेल निधीतूनच बोस्टनचं डब्ल्यूजीबीएच हे सार्वजनिक प्रसारण केंद्र उभं राहिलं. १९५१ मध्ये रेडिओ आणि १९५५ मध्ये टीव्ही. १९६० च्या दशकात पोलारिस पाणबुड्यांवरच्या खलाशांनी समुद्राच्या पोटात राहून चित्रफितींवर हार्वर्डची व्याख्यानं पाहिली. १९९७ मध्ये इंटरनेटवरून वर्ग सुरू झाले. त्याच वर्षी एका ८९ वर्षांच्या आजींनी इथून पदवी घेतली. पाणबुडीतल्या खलाशाला शिकवता येतं, तर डोंबिवलीत बसलेल्या माणसाला का नाही? तंत्राच्या दृष्टीने प्रश्न तिथेच सुटला.

आता या शाळेचं सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय, ते पाहू. ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला चार विषय. प्रत्येकात किमान 'बी' श्रेणी, आणि सगळं तीन वर्षांच्या आत. डेटा सायन्स, सायबर सुरक्षा, व्यवस्थापन, पर्यावरण असे अनेक गट आहेत. अर्ज करून निवड होण्याची भानगड नाही. नाव नोंदवा, फी भरा, वर्गात बसा. इंग्रजी पुरेसं येतं एवढं दाखवावं लागतं. हे चार विषय पुढे मास्टर्समध्ये धरले जाऊ शकतात. तिथे प्रवेशाची रीतही उलटी आहे: आधी दोन-तीन विषय घ्या, चांगले गुण मिळवा, मग प्रवेश. पदवीसाठी थोडा काळ केंब्रिजला जाऊन शिकावं लागतं. सर्टिफिकेट घरबसल्या पूर्ण होतं.

फी? एका विषयाला तीन हजार डॉलरच्या वर. चार विषयांचे दहा लाख रुपये ओलांडतात. शिकागोच्या बाजारात आज गव्हाचा बुशेल पाच-सहा डॉलरच्या आसपास असतो, म्हणजे मृत्युपत्राच्या हिशेबाने एका विषयाची फी दहा-बारा डॉलर व्हायला हवी. लोवेलचा गहू कुठे गेला, असं विचारावंसं वाटतं.

उत्तर मात्र मजेशीर आहे. गहू कुठेही गेलेला नाही. हार्वर्डचा 'सीएस ५०' हा संगणकशास्त्राचा प्रसिद्ध कोर्स, डेव्हिड मॅलन शिकवतात तो, इंटरनेटवर संपूर्ण मोफत आहे. तोच कोर्स एक्स्टेन्शन स्कूलमध्ये फी भरूनही करता येतो. व्याख्यानं तीच, तोच माणूस व्यासपीठावर उड्या मारत शिकवतो. मग पैसे कशाचे? तपासलेल्या गृहपाठाचे, श्रेणीचे, क्रेडिटचे आणि ट्रान्सक्रिप्टवरच्या एका ओळीचे. ज्ञान फुकट झालं आणि ते तुम्हाला आलं याचा दाखला महाग झाला. १८३५ मध्ये हे दोन्ही एकच होते. व्याख्यान ऐकायला मिळणं हीच चैन होती. आता एखाद्या नोकरदाराने पैसे मोजण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न हाच आहे की आपल्याला गहू हवाय की पावती. मला यात पावतीला कमी लेखायचं नाही. पंधरा वर्षं नोकरी केलेल्या, साध्या कॉलेजातून बी.कॉम. झालेल्या बाईला बढतीच्या मुलाखतीत ती पावती खरंच उपयोगी पडू शकते. फक्त ती पावती आहे हे माहीत असावं.

तिच्यावर काय लिहिलंय, तेही. शाळेचं स्वतःचंच सांगणं आहे की बायोडेटात 'हार्वर्ड एक्स्टेन्शन स्कूल' असं पूर्ण लिहा. नुसतं 'हार्वर्ड युनिव्हर्सिटी' लिहिणाऱ्याची मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गोची होते. दोन दिवसांची कार्यशाळा, मोफत कोर्सचं पैसे देऊन घेतलेलं प्रमाणपत्र आणि चार विषयांचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक्डइनवर त्या सारख्याच चमकतात.

आपल्याकडच्या घरांत खरा गोंधळ होतो तो व्हिसाचा. 'सर्टिफिकेट करून अमेरिकेत नोकरी लागेल का?' असं काका-मामा विचारतात. घरून केलेल्या सर्टिफिकेटचा व्हिसाशी काडीचाही संबंध येत नाही. तिथे राहण्याचा वा काम करण्याचा हक्क मिळत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना काढून घेतला आणि न्यायालयाने ती कारवाई थांबवली, तेव्हा कॅम्पसवरच्या मुलांच्या झोपा उडाल्या. घरून शिकणाऱ्याला त्या वादळाची झळ लागली नाही, कारण त्याच्याकडे हिरावून घेण्यासारखा व्हिसाच नव्हता.

तिथे जाऊन करायचंच असेल, तर वाट जाते कॅलिफोर्नियाकडे. तिथल्या सरकारी विद्यापीठाने १८९१ पासून एक्स्टेन्शन वर्ग घेतले. लॉस एंजेलिसचं एक्स्टेन्शन १९१७ चं, म्हणजे यूसीएलए या विद्यापीठापेक्षा दोन वर्षांनी थोरलं. तिथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ सर्टिफिकेट अभ्यासक्रम आहेत, एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचे. इथे महिन्यांचा हिशेब नीट समजून घ्यावा. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, म्हणजे साधारण नऊ महिने, पूर्णवेळ शिकलात तर ओपीटी या सवलतीखाली आपल्या विषयात बारा महिने काम करण्याची परवानगी मागता येते. तीन महिन्यांचं सर्टिफिकेट केलंत तर ती मिळत नाही. जाहिरातीत दोन्ही शेजारी-शेजारी छापलेली असतात.

परवानगी मिळाली तरी घड्याळ चालू राहतं: बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणारी पुढची चोवीस महिन्यांची वाढ सर्टिफिकेटवर मिळत नाही, कारण ती पदवीसाठी आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी अमेरिकन मास्टर्सवाल्यांचा जो २०,००० चा वेगळा कोटा आहे, त्यातही सर्टिफिकेट धरत नाहीत. नेहमीच्या कोट्यात मोजली जाते ती तुमची मूळ पदवी, पुण्याची असो वा नागपूरची. मग हे कोणी करावं? ज्याच्याकडे पदवी आणि अनुभव आधीच आहे, ज्याला वर्षभर त्या बाजारात काम करून परत यायचं आहे आणि ज्याच्या खिशाला लॉस एंजेलिसचं घरभाडं झेपतं, त्याने. जमीन गहाण टाकून तर मुळीच नाही. एजंट हे वाक्य बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

पण मला ओढ वाटते ती घरून शिकणाऱ्यांचीच. बोस्टनच्या रात्रशाळेचे बरेचसे थेट वर्ग तिथल्या संध्याकाळी भरतात, नोकरी सुटल्यावर. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळी घड्याळात पहाटेचे साडेतीन. काकड आरतीच्याही आधी, स्वयंपाकघरातला दिवा लावून, हेडफोन घालून, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून प्राध्यापकाला दबक्या आवाजात उत्तर द्यायचं. साडेपाचला वर्ग संपतो. मग दूध, डबे आणि लोकल. कोणी विचारलंच तर ऑफिसात सांगायचं, जरा झोप झाली नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. त्या आठवड्यापासून वर्ग साडेचारला सुरू होतो.