घोड्याचा पोटशूळ : जागा सोडलेले आतडे

घोड्याचे पोट दुखू लागले की त्याला तोंडाने सांगता येत नाही. परंतु त्याचे सारे अंग ते सांगत असते. तो चंदीला तोंड लावीत नाही, मान वळवून आपल्या कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, खाली बसतो, पुन्हा उठतो आणि अखेर गडबडा लोळू लागतो. याला पोटशूळ म्हणतात. पोटशूळ हे मात्र रोगाचे नाव नव्हे, लक्षणाचे नाव होय. त्याची कारणे अनेक आहेत. मोठ्या आतड्याने आपली जागा सोडणे हे त्यांपैकी एक.

हे कसे घडते? गाईबैलांप्रमाणे घोडा रवंथ करीत नाही. गवतातील चोथा आंबवून त्यातून शक्ती मिळविण्याचे काम त्याच्या मोठ्या आतड्यात चालते. हे आतडे सुमारे ३ ते ४ मीटर लांब असून दुहेरी घडी घालून पोटात बसलेले असते. उजवीकडचे त्याचे मूळ तेवढे पक्के बांधलेले. डावीकडचा भाग जवळजवळ मोकळाच. दाणा अचानक वाढविला किंवा वैरण एकाएकी बदलली, म्हणजे आत वायू धरू शकतो आणि हा मोकळा भाग फुग्यासारखा वर उचलला जातो.

त्यानंतर तीन प्रकार संभवतात. आतडे डावीकडे वर चढून पाणथरी व डावे मूत्रपिंड यांना जोडणाऱ्या बंधावर, दोरीवर धोतर वाळत घालावे तसे, लटकते. किंवा ते उजवीकडे सरकून पोटाच्या भिंतीलगत अडकते. तिसरा प्रकार सर्वांत भयंकर : आतडे स्वतःभोवतीच पिळले जाते. पीळ पुरता बसला की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच जनावर हाती लागत नाही. नुकत्याच व्यालेल्या घोड्यांत हा धोका विशेष असतो.

पशुवैद्य प्रथम नाडी पाहतो. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४ पडते. ती ६० च्या वर जाऊन तशीच राहिली, तर प्रकरण गंभीर समजावे. घोड्याला वांती होत नाही, म्हणून नाकातून नळी घालून जठरातील साचलेले द्रव्य बाहेर काढतात. गुदमार्गाने हात घालून आतड्याची जागा चाचपतात. ध्वनिलहरींच्या यंत्रात डावे मूत्रपिंड दिसेनासे झाले, तर आतडे बंधावर लटकले असल्याचा संशय बळावतो.

पहिल्या दोन प्रकारांत वेदना सौम्य असतील, तर दाणावैरण बंद ठेवून, शिरेतून क्षारजल व वेदनाशामक देऊन काही काळ वाट पाहता येते. आतडे बंधावर लटकले असेल, तर फिनाइलेफ्रिन हे औषध शिरेतून देतात. त्याने पाणथरी आकसते. मग घोड्याला दुडक्या चालीने फिरविले, की आतडे पुष्कळदा निसटून खाली येते. वयस्क घोड्यांत मात्र या औषधाने पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून तेथे फार जपावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे भूल देऊन, घोड्याला आधी उजव्या कुशीवर निजवून, पाठीवरून डाव्या कुशीवर फिरविण्याचा. एवढ्याने भागले नाही, तर पोट उघडून आतडे जागेवर बसवावे लागते. पीळ पडला असेल, तर शस्त्रक्रियेवाचून तरणोपाय नाही. आणि तीही वेळेत व्हावी लागते.

म्हणूनच मालकाचे पहिले काम वेळ न दवडण्याचे आहे. दाणावैरण काढून घ्यावी, पशुवैद्यास बोलवावे आणि तो येईपर्यंत घोडा लोळत असेल तर त्याला सावकाश चालवावे. शांत पडून असेल तर पडू द्यावे. तेल किंवा काढा तोंडात ओतू नये. तो फुप्फुसांत उतरला, तर एका आजाराचे दोन होतात. वेदनाशामक पुन्हा पुन्हा स्वतः टोचू नये. त्याने घोडा शांत दिसतो खरा, पण आतला पीळ सुटत नाही. केवळ इशारा देणारे लक्षण झाकले जाते. किती वाजता दुखू लागले, लीद केव्हा पडली, खाण्यात काय बदल झाला, हे मोतद्दाराने लक्षात ठेवले, तर वैद्याचे अर्धे काम हलके होते. मुक्या जनावराची कैफियत मांडावयास त्याच्यावाचून दुसरे कोणी नसते.