गुंतवणुकीचा पाझर

परदेशी कंपनी राज्यात येणार अशी बातमी आली, की आपण तिच्यात दोन आकडे शोधतो. गुंतवणूक किती कोटींची आणि नोकऱ्या किती जणांना. सामंजस्य करारावर सह्या होतात, छायाचित्रे छापून येतात आणि सरकारी निवेदनातही हेच दोन आकडे ठळक असतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण परकीय गुंतवणुकीचा सर्वांत टिकाऊ फायदा, आणि कधीकधी सर्वांत मोठा तोटाही, या आकड्यांत दिसत नाही. तो कारखान्याच्या कुंपणाबाहेर घडत असतो. आज त्याविषयी बोलायचे आहे.

आधी एक फरक ध्यानात घेऊ. शेअर बाजारात येणारा परकीय पैसा वेगळा. तो आज येतो आणि उद्या निघूनही जातो. थेट परकीय गुंतवणूक म्हणजे परदेशी कंपनीने येथे कारखाना उभारणे, किंवा येथल्या कंपनीत मालकीचा मोठा वाटा घेऊन तिच्या कारभारात लक्ष घालणे. अशा गुंतवणुकीबरोबर यंत्रे येतात, कामाच्या पद्धती येतात, मोजमापाची शिस्त येते, परदेशी बाजारपेठेची ओळख येते. पैसा तिजोरीत ठेवता येतो, पण हे ज्ञान फार काळ कुलपात राहत नाही. ते बाहेर पडतेच. याला इंग्रजीत ‘स्पिलओव्हर’ म्हणतात. मला त्यासाठी आपला ‘पाझर’ हा शब्द योग्य वाटतो.

पाझर तलाव आपल्याकडे नवे नाहीत. दुष्काळी कामांवर महाराष्ट्रात ते ठिकठिकाणी बांधले गेले. या तलावातून कालवा निघत नाही. पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. कोणत्या विहिरीला किती पाणी गेले याची नोंद नसते, पण उन्हाळ्यात विहीर टिकली की शेतकऱ्याला ते कळते. मात्र तळाशी सलग कातळ असेल, तर तलाव काठोकाठ भरूनही खालच्या विहिरी कोरड्याच राहतात. परकीय गुंतवणुकीचे नेमके असेच आहे.

हा पाझर कोणत्या वाटांनी होतो? पहिली वाट माणसांची. तिचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारी, बांगलादेशात आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीला एक अडचण होती. श्रीमंत देशांनी कापडचोपडाच्या आयातीवर देशवार कोटा लावला होता आणि कोरियाचा कोटा अपुरा पडत होता. बांगलादेशाला अशी मर्यादा जाचत नव्हती. देवूने चित्तगावच्या देश गार्मेंट्स या नव्या कंपनीशी करार केला. रूढ अर्थाने ही परकीय गुंतवणूक नव्हे, कारण देवूने भागभांडवल घातले नाही. तिने ज्ञान दिले. १९७९ मध्ये देश कंपनीचे १३० कर्मचारी कोरियातील पुसान येथे प्रशिक्षणासाठी गेले. कापड बेतणे आणि शिवणे तर ते शिकलेच, पण माल वेळेवर कसा पाठवायचा, दर्जा कसा तपासायचा, परदेशी ग्राहकाशी व्यवहार कसा करायचा, हेही शिकले.

१९८० मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे झाले ते असे : १९८७ पर्यंत त्या १३० पैकी ११५ जण देश कंपनी सोडून गेले होते. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाच्या दृष्टीने हे नुकसान होते. देशाच्या दृष्टीने मात्र एका कारखान्यातले ज्ञान अनेक कारखान्यांत पोहोचले होते. आज बांगलादेशाच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. सारे श्रेय त्या ११५ जणांना देता येणार नाही. सरकारने कच्चा माल शुल्काविना आणण्याची सोय केली, बँकांनी निर्यातीच्या मागणीपत्रावर पतपुरवठा केला, हेही तेवढेच महत्त्वाचे. पण सुरुवातीचा पाझर माणसांच्या पायांनी झाला.

दुसरी वाट पुरवठादारांची. येथे आपलेच उदाहरण घेऊ. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात वर्षाला जेमतेम चाळीसेक हजार मोटारी बनत, आणि ग्राहकाला अॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांतून निवड करावी लागे. १९८२ मध्ये सरकारी मालकीच्या मारुती उद्योगाने जपानच्या सुझुकीशी करार केला. सुझुकीचा वाटा तेव्हा २६ टक्के होता. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडली. सुरुवातीला तिचे बहुतेक भाग जपानहून येत. पण काही वर्षांत देशी भागांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवायचे, ही सरकारची अट होती. त्यातच १९८५ नंतर येन महागला आणि आयात भाग परवडेनासे झाले.

मग भाग करायचे कुणी? मारुतीला हवा तसा माल देणारे कारखाने देशात फार थोडे होते. म्हणून कंपनीने पुरवठादार घडवले. काहींना कारखान्याच्या शेजारी जागा मिळाली, काहींत मारुतीने स्वतः भांडवल घातले, अनेकांची जपानी कंपन्यांशी भागीदारी जुळवून दिली. स्टिअरिंग पुरवणारी सोना ही कंपनी त्यांपैकीच एक. पुढे सोना कोयो या नावाने तिने २००३ मध्ये दर्जासाठी दिले जाणारे जपानचे डेमिंग पारितोषिक मिळवले. आणि पुरवठादार एका ग्राहकापुरता राहत नाही. मारुतीसाठी शिकलेली शिस्त तो दुसऱ्या कंपनीच्या मालातही वापरतो.

ही शिस्त म्हणजे काय, ते मला भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नीट समजले. मालक पूर्वी मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर होते. ते म्हणाले, ‘‘पूर्वी शंभर नगांत पाच खराब निघाले तर पाच बदलून द्यायचो, विषय संपायचा. आता दहा लाखांत किती खराब, असं विचारतात. नग बदलून भागत नाही, तो का बिघडला ते लिहून द्यावं लागतं.’’ भिंतीवर तपासणीचे तक्ते होते. त्यांच्याकडे परदेशी भांडवलाचा एक रुपयाही आलेला नव्हता. आला होता तो पाझर.

तिसरी वाट स्पर्धेची, आणि येथे गणित बिघडू शकते. नवी कंपनी पाहून जुनी सुधारते, असे आपण गृहीत धरतो. तसे घडतेही, पण नेहमी नाही. मारुती आली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून येणाऱ्या पद्मिनीचा बाजार आटत गेला. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. ग्राहकाला चांगली गाडी मिळाली, पण कुर्ल्याच्या कामगाराला तिचा काय उपयोग? १९९३ मध्ये कोका-कोला भारतात परतली तेव्हा तिने पार्लेशी स्पर्धा करण्याऐवजी पार्लेचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट हे ब्रँडच विकत घेतले. शेजारी खोल बोअर पडली की आपल्या विहिरीचे पाणी उतरते, तशातला हा प्रकार.

संशोधनही हेच सांगते. ब्रायन एटकेन आणि अॅन हॅरिसन यांनी व्हेनेझुएलातील हजारो कारखान्यांच्या आकडेवारीचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. परदेशी भांडवल आलेल्या छोट्या कारखान्यांची उत्पादकता वाढली होती, पण त्याच धंद्यातील निव्वळ देशी कारखान्यांची घटली होती. गिऱ्हाईक पळाले, उत्पादन कमी झाले, स्थिर खर्च मात्र तेवढाच राहिला. २००४ मध्ये बीटा याव्होर्चिक यांनी लिथुआनियाचा अभ्यास मांडला. तेथे पाझर दिसला, पण तो प्रतिस्पर्ध्यांकडे नव्हे, तर माल पुरवणाऱ्या कारखान्यांकडे. तोही परदेशी आणि देशी भागीदारी असलेल्या प्रकल्पांतून. संपूर्ण परदेशी मालकीच्या प्रकल्पांबाबत असा परिणाम आढळला नाही. याचे कारण उघड आहे. प्रतिस्पर्ध्याला ज्ञान मिळू नये म्हणून कंपनी धडपडते. पुरवठादाराला मात्र ती स्वतः शिकवते, कारण त्याचा माल खराब निघाला तर तिचेच नुकसान होते.

मग प्रश्न येतो जमिनीचा. पाणी मुरण्यासाठी जमीन मुरमाड लागते. पुणे परिसरात ती आधीपासून होती. १९६० च्या दशकात पिंपरी-आकुर्डीत टेल्को आणि बजाज आल्या, १९६६ मध्ये ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनची स्थापना झाली, आणि या कारखान्यांभोवती टर्नर, फिटर, टूलमेकर यांच्या दोन पिढ्या घडल्या. म्हणून १९९० च्या दशकात मर्सिडीज-बेंझ आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आली, तेव्हा त्यांच्या शिस्तीला प्रतिसाद देणारे लोक येथे होते. जेथे असे लोक नाहीत, तेथे कंपनी सुटे भाग बाहेरून आणते, जोडते आणि विकते. कारखाना चालतो, आकडेही दिसतात, पण कुंपणाबाहेर काही जात नाही.

पाझर आटवणारी आणखी एक गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे, आणि तिची मला अधिक चिंता वाटते. ती म्हणजे कंत्राटी कामगारांची पद्धत. बांगलादेशातील त्या १३० जणांना धंद्याचे सारे अंग दाखवले गेले होते. उलट, एखाद्या मुलाला सात-आठ महिने एकाच ठिकाणी चार बोल्ट आवळायला लावले आणि ब्रेक देऊन घरी पाठवले, तर तो बाहेर काय नेणार? नोकऱ्यांच्या आकड्यात तो मोजला जातो. पाझराच्या हिशेबात तो शून्य ठरतो.

आणि पाझर फक्त चांगल्याचाच होतो असेही नाही. बांगलादेशात शिवणकाम पसरले तेवढ्या वेगाने कामगारांची सुरक्षितता पसरली नाही. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. ग्राहकाने दर्जाबरोबर सुरक्षितताही तपासली तरच ती पुरवठादाराकडे पोहोचते. त्या दुर्घटनेनंतर ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात करार होऊन इमारतींची तपासणी सुरू झाली. आधी कुणी आग्रह धरला असता, तर ती आधीही झाली असती.

आपण सरकारकडून काय मागावे? मारुतीच्या वेळची सरळ अट आता घालता येत नाही. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि देशी भाग वापरण्याच्या सक्तीवर बंधन आले. मोटार उद्योगातील अशा अटींवरून अमेरिका आणि युरोपीय संघाने भारताविरुद्ध तक्रार केली आणि २००१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला. तो विचार पुढे वेगळ्या रूपात परतला. २०२१ मध्ये मोटार उद्योगासाठी मंजूर झालेल्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत किमान ५० टक्के देशी मूल्यवर्धनाची अट आहे. राज्यांनाही बरेच काही करता येते. छोट्या कारखान्यांना परवडेल अशी सामाईक तपासणी केंद्रे, चांगली आयटीआय, वेळेवर बिल आणि कर्ज मिळण्याची हमी ही जमीन तयार करण्याची कामे आहेत. त्यांचे उद्घाटन फारसे गाजत नाही, एवढेच.

कंपन्या येतात तशा जातातही. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तेथील उत्पादन थांबले. कामगारांनी दीर्घकाळ लढा दिला. २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. अशा वेळी खरी परीक्षा होते. गेलेल्या कंपनीसाठी भाग करणारा पुरवठादार दुसरा ग्राहक मिळवू शकतो का? तेथे काम केलेल्या माणसाच्या हाती दुसरीकडे चालेल असे कसब आहे का? असेल, तर पाझर झाला.

पुढच्या वेळी गुंतवणुकीचा मोठा आकडा वाचाल, तेव्हा कोटी आणि नोकऱ्या जरूर पाहा. पण आणखी तीन गोष्टीही विचारा : ही कंपनी भाग कुणाकडून घेणार, कामगाराला किती काळ ठेवणार आणि काय शिकवणार, आणि तिला दिलेल्या सवलतीच्या बदल्यात आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांना काय मिळणार. करारात याचा उल्लेख नसेल, तर आपल्या लोकप्रतिनिधीला तो का नाही, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. कारण सवलतीचा पैसा आपल्याच करातून जात असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)