घरातील धूळपाटी



गुरुजींच्या स्मृतिदिनी शाळेच्या सभागृहात उभे राहून शाळेबाहेरच्या एका विषयावर बोलत आहे, याबद्दल क्षमा असावी. तथापि, प्रसंगच तसा आहे.

बेळगाव-निपाणी परिसरातील अनेक मराठी घरांतली मुले आज इंग्रजी अथवा कन्नड माध्यमाच्या शाळांत जातात. ती घरी अस्खलित मराठी बोलतात. मराठी अक्षर मात्र त्यांच्या हाताला अपरिचित राहते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे १९५६ साली राज्यघटनेत समाविष्ट झालेले ३५० अ हे कलम सांगते. परंतु ज्या मुलाची शाळा आई-वडिलांनी वेगळी निवडली आहे, त्याच्या मराठी लेखनाची पहिली शाळा म्हणजे त्याचे घरच होय. ती शाळा कशी चालवावी?

लेखनाचा आरंभ पेन्सिलीपासून होत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे अद्याप पूर्ण घडलेली नसतात. त्यास एकाच अक्षराने पानभर गिरवायला लावणे म्हणजे लेखनाविषयी नावड निर्माण करणे. कणीक मळणे, शेंगा सोलणे, चिमटीने रांगोळीची रेघ ओढणे ही लेखनाचीच पूर्वतयारी आहे. आपल्याकडील जुन्या शाळांत लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून तीत बोटाने अक्षरे काढवीत. 'धुळाक्षरे' हा शब्द तेथूनच आला. मादाम माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे बालगृह सुरू केले आणि पुढे तेथे खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलांची बोटे फिरवली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातील साध्या वस्तू उपयोगात आणल्या. परातीत पसरलेला रवा हीदेखील उत्तम धूळपाटीच आहे.

अक्षरांचा क्रम वर्णमालेचाच असावा असे नाही. वर्णमाला उच्चारस्थानांनुसार रचलेली आहे. हाताची सोय तीत पाहिलेली नाही. म्हणून ग, म, भ, न अशी उभ्या रेघेची अक्षरे प्रथम घ्यावीत. त्यांत र मिळाला की 'मगर', 'नगर', 'गरम' असे शब्द लगेच तयार होतात. अक्षराला अर्थ लाभतो आणि मूल उत्साहाने पुढे जाते.

सीमाभागातील मुलापुढे तीन लिप्या असतात. त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच कन्या असून त्यांचा वर्णक्रमही बहुतांशी एकच आहे. 'ओनामा' हा शब्ददेखील दोन्ही भाषांत नांदतो. भेद मात्र समजावून द्यावेत. देवनागरी अक्षर शिरोरेघेखाली लोंबते, तर इंग्रजी अक्षर रेघेवर बसते. 'दिवा' या शब्दात द आधी उच्चारला जातो, तरी ऱ्हस्व वेलांटी त्याच्या डावीकडे येते. कन्नडमध्ये हेच चिन्ह अक्षराच्या माथ्याशी जुळते. येथे मूल अडखळले तर तो त्याच्या बुद्धीचा दोष नव्हे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझ्या नातीने एकदा मला चिठ्ठी लिहिली : 'अजोबा लवकर या'. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माझ्या हाताने सवयीने लाल शाईचा काना दिला. पुढे महिनाभर तिने पाटीला हात लावला नाही. अखेर तिच्या आजीने बाजाराची यादी तिला लिहावयास सांगितली. 'मिठ, गुळ, कादा' अशी ती यादी तयार झाली. आजीने काही न बोलता त्याबरहुकूम सामान आणवले. आपण लिहिले आणि घरात गूळ आला, हे त्या मुलीने पाहिले. लेखणी पुन्हा तिच्या हाती आली. ऱ्हस्वदीर्घ व अनुस्वार कालांतराने आपोआप सुधारले.

सांगायचे ते इतकेच. मुलाला प्रथम लिहिण्यासारखे काही असावे आणि ते वाचणारे कोणी असावे. शुद्धलेखन त्यामागून येते. भाषेसाठी आपण सभा घेतो, मोर्चे काढतो. ते योग्यच आहे. परंतु रोज सायंकाळी दहा मिनिटे घरातील मुलाजवळ बसून त्याने लिहिलेले मराठी प्रेमाने वाचणे, हे काम सभेला करता येत नाही. ते घरानेच करावयाचे आहे.