लेकीकडे दुबईला निघालात?

पूर्वी ‘मुलगी कुठे दिली?’ असे कुणी विचारले की सांगली, नाशिक, फार तर इंदूर असे उत्तर यायचे. आता त्याच सुरात ‘दुबईला’ असे उत्तर येते, आणि विचारणारीलाही त्याचे नवल वाटत नाही. दुबई, अबू धाबी, शारजा ही सारी संयुक्त अरब अमिरातीतली. या देशात आज 35 लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि त्यांत आपली मराठी घरेही पुष्कळ. मग लेकीचे बाळंतपण, नातवाचा पहिला वाढदिवस, असे काहीतरी निमित्त होते आणि जिने आजवर विमान फक्त आकाशात पाहिले ती आई पासपोर्टचा फोटो काढायला निघते.

निघायचे ठरले की शेजारणी, नणंदा, भिशीतल्या मैत्रिणी सल्ले द्यायला लागतात. ‘मुसलमानी देश आहे बाई, डोक्यावरून पदर घ्यावा लागेल.’ ‘कुंकू लावलेले चालते का हो तिथे?’ ‘तुम्ही शाकाहारी, तुमचे कसे व्हायचे?’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका दमात देऊन टाकते. रस्त्यात, बाजारात, दुकानात परक्या बाईने डोके झाकलेच पाहिजे असा तिथे नियम नाही. साडी, कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या यांकडे कुणी वळूनही पाहत नाही, कारण तिथल्या लोकांना भारतीय बाई रोज दिसते. आणि जेवणाचे म्हणाल, तर बर दुबई आणि करामा या भागांत कढीपत्त्यापासून पोह्यांपर्यंत सगळे मिळते. हिंदीही जवळजवळ सगळीकडे चालते.

मग काळजी करायचीच नाही का? करायची, पण वेगळ्या गोष्टींची. आपण कपाळावरच्या टिकलीची चिंता करत बसतो आणि खरा धोका निमूटपणे बॅगेत घड्या घालून ठेवतो.

त्यातला पहिला धोका म्हणजे खसखस. हो, आपली रोजची, वाण्याकडून पुडीत येणारी खसखस! ती अफूच्या बोंडातली. आपल्याकडे तिचे काही वाटत नाही, पण अमिरातीच्या कायद्याने ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. तिथला अमली पदार्थांचा कायदा फार कडक आहे, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर विमानतळावर उपयोगी पडत नाही. आता जरा आठवून पाहा, बाळंतिणीसाठी आपण काय काय नेतो? डिंकाचे लाडू. त्यांत खसखस. दिवाळीचा फराळ पाठवायचा तर अनारशांवर खसखस, करंजीच्या सारणात खसखस. घरच्या मालवणी मसाल्यात, कांदा-लसूण मसाल्यात, कित्येक घरी गोड्या मसाल्यातसुद्धा खसखस. म्हणजे लेकीच्या मायेने भरलेला डबाच आपल्याला गोत्यात आणू शकतो.

यावर उपाय सोपा आहे. दुबईसाठीचे लाडू वेगळे वळा. ज्या कढईत खसखस भाजली, ज्या मिक्सरमध्ये ती दळली, ती भांडी आधी स्वच्छ धुऊन घ्या. अनारसे तिळावर थापा. चवीला काही कमी होत नाहीत, उलट आमच्या घरी तर तेच जास्त संपतात! विकतचा मसाला नेणार असाल तर पाकिटावरचे घटक वाचा. तिथे ‘पॉपी सीड’ असे लिहिलेले दिसले की ते पाकीट इकडेच ठेवा. आणि सासूबाईंनी, जाऊबाईंनी दिलेल्या मसाल्यात काय आहे हे त्यांना स्पष्ट विचारा. विचारण्यात अपमान नाही. सुके खोबरे मात्र वेगळ्या कारणाने नेऊ नका. ते पेट घेण्याजोगे म्हणून विमानतळावरच काढून ठेवायला लावतात. लाडवात घातलेले चालते, वाट्या नकोत. डिंक, खारीक, खोबरे सगळे तिकडे मिळतेच, तेव्हा खरे तर आपले हात आणि कृती एवढे नेले तरी पुरे.

विड्याची पाने आणि पान-मसाला यांवरही तिथे बंदी आहे. पूजेच्या तयारीत कुणी ओटीसोबत विड्याची पाने बांधून देते, ती काढून ठेवा. ‘अहों’च्या खिशातली तंबाखूची किंवा गुटख्याची पुडीही निघण्याआधी आठवणीने तपासा. पुरुष मंडळी सांगत नाहीत, आपणच पाहावे लागते.

दुसरा धोका औषधांच्या डब्यात असतो. आपली सवय कशी, की गोळ्यांच्या पट्ट्या कापायच्या, कागदात गुंडाळायच्या आणि वर ‘झोपेची’, ‘गुडघ्याची’ असे लिहून ठेवायचे. असे बिलकूल करू नका. औषध मूळ वेष्टनात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तेच नाव जे पासपोर्टवर आहे. काही औषधे आपल्याकडे सहज लिहून दिली जातात, पण तिकडे ती नियंत्रित आहेत. खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन, दुखण्यावरचे ट्रामाडॉल, झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दिलेले अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ही त्यांतली. अशांपैकी काही घेत असाल तर निघण्याआधी अमिरातीच्या सरकारची परवानगी काढावी लागते. अर्ज संगणकावरून करता येतो. लेकीला किंवा जावईबापूंना सांगा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘मी दुबईला चालले आहे, यातले काही अडेल का?’ हे विचाराच. पुष्कळदा ते बदली औषध देतात आणि प्रश्नच मिटतो.

तिसरा धोका म्हणजे दुसऱ्याची पुडी. ‘तुम्ही जाताच आहात, तर एवढे पाकीट आमच्या भाच्याला द्या हो, तो न्यायला येईल.’ आपल्या माणसाला नाही कसे म्हणायचे, हा आपला स्वभाव. पण 2019 साली मुंबईच्या एका जोडप्याच्या सामानात कतारच्या विमानतळावर चरस सापडला. पाकीट नात्यातल्याच व्यक्तीने दिले होते. दोघांना दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे भारतातून पुरावे गेले, फेरसुनावणी झाली आणि 2021 मध्ये ती दोघे निर्दोष सुटून घरी आली. तोवर मधली वर्षे तुरुंगात गेली. कतार वेगळा देश असला तरी अमली पदार्थांच्या बाबतीत आखातातले सगळेच देश कडक आहेत. तेव्हा हसत हसत पण ठामपणे म्हणा, ‘माझे वजन आधीच जास्त झाले आहे हो.’ बॅगेचे की स्वतःचे, ते त्यांचे त्यांना समजू दे!

आणि चौथा धोका हातातल्या फोनचा. रस्त्यातून काळे घोळदार झगे घातलेल्या बायका जातात. त्या झग्याला अबाया म्हणतात. पांढरेशुभ्र पायघोळ कंदुरे घातलेले पुरुष जातात, गोंडस मुले जातात. नवीन माणसाला फोटो काढावासा वाटणारच. पण परवानगीवाचून कुणाचा फोटो काढणे हा तिथे गुन्हा ठरू शकतो, आणि बाईचा फोटो काढणे तर फारच वाईट दिसते. आपल्या लेकी-सुनांचा फोटो कुणी परक्याने न विचारता काढला तर आपल्याला तरी खपेल का? तसेच व्हॉट्सॲपवर कुणाला शिवीगाळ करणे, कुणाच्याही धर्माची टवाळी करणारे संदेश पुढे ढकलणे यांवरही तिथे कायद्याने कारवाई होते. घरच्या गटावर रोज काय काय येते हे तुम्ही जाणताच. निघण्याआधी फोन एकदा झाडून घ्या.

आता कागदपत्रांचे थोडक्यात. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसा आधी काढून जायचे. पासपोर्टवर नुसतेच एक नाव असेल, म्हणजे आडनावाची जागा रिकामी असेल, तर नीट चौकशी करा. नोव्हेंबर 2022 पासून अमिरातीने पाहुण्यांच्या व्हिसासाठी एकेरी नाव चालणार नाही असे ठरवले आहे. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर सवलत मिळते. आपल्या पिढीतल्या पुष्कळ बायकांच्या कागदांवर नावांचा घोळ असतो, तेव्हा हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. प्रवासाचा विमाही जरूर काढा; तिथला दवाखाना महाग आहे. व्हिसाची मुदत संपली की दर दिवसाला दंड पडतो, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. घड्याळ मात्र दीड तास मागे घ्यायचे.

इतके झाले की बाकीचे सगळे रीतभातीचे, आणि ती आपल्याला नवी नाही. एखाद्या अरबी घरी बोलावणे आले तर चपला बाहेर काढा. वडीलधाऱ्या माणसाला ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणा. ते उलट ‘व अलैकुम अस्सलाम’ म्हणतील. परक्या पुरुषापुढे आपण होऊन हात करू नये. आपला नमस्कार किंवा छातीवर ठेवलेला उजवा हात उत्तम. बैठकीत खजूर आणि गहवा येतो. गहवा म्हणजे वेलदोडा घातलेली, बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. पहिला घोट आपल्याला काढ्यासारखाच लागेल, पण निदान एक प्याला घ्यावा, आणि उजव्या हाताने. प्याला अगदी चिमुकला असतो. रिकामा झाला की पुन्हा भरतात, आणि भरतच राहतात! पुरे असेल तेव्हा तो हातात किंचित डावी-उजवीकडे हलवून परत द्यायचा. ‘नको, नको’ म्हणण्यापेक्षा ही खूण किती छान, नाही?

मशीद पाहायची असेल तर अबू धाबीची शेख झायेद मशीद चुकवू नका. ती 2007 मध्ये उघडली. आत एकच अखंड, हाताने विणलेला इराणी गालिचा आहे, पाच हजार सहाशे चौरस मीटरांहून मोठा! प्रवेश फुकट आहे, पण आधी नाव नोंदवावे लागते. इथे मात्र पोशाखाचे नियम कडक आहेत. मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत सैल कपडा, डोक्यावर ओढणी. साडीत पोट-पाठ दिसते, म्हणून त्या दिवशी लांब बाह्यांचा पंजाबी ड्रेस बरा. आत खिदळत, गळ्यात गळे घालून फोटो काढू नयेत. आपल्या देवळाच्या गाभाऱ्यासमोर आपण काढतो का?

रमजानच्या महिन्यात जाणे झाले तर दिवसा रस्त्यात, बसमध्ये, बागेत खाऊ-पिऊ नका, पाण्याची बाटलीसुद्धा तोंडाला लावू नका. घरी अर्थातच मोकळीक असते. दुबईत 2021 पासून हॉटेलांना दिवसा पडदे लावण्याची सक्ती उरलेली नाही, त्यामुळे आत बसून जेवताही येते. आपण स्वतः निर्जळी उपास करणाऱ्या. समोरच्याच्या कडक उपासाची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. सूर्यास्तानंतर मात्र शहर असे काही खुलते की पाहत राहावे. रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी तारखा पाहून ठेवा. शुक्रवारची दुपार नमाजाची. त्या वेळी कामे काढू नका. 2022 पासून दुबईची साप्ताहिक सुटी शनिवार-रविवारवर आली आहे, शारजाची शुक्रवार ते रविवार. भाडे कमी म्हणून पुष्कळ भारतीय कुटुंबे शारजात राहतात. ही शारजा दुबईहून सोवळी. तिथे दारूला पूर्ण बंदी आहे आणि पोशाखाबद्दलही जास्त काटेकोरपणा.

लेक-जावई कामाला गेल्यावर घरात बसून राहू नका. दुबईची मेट्रो 2009 मध्ये सुरू झाली. तिच्यात बायका-मुलांसाठी वेगळा भाग असतो. ‘अहो’ तुमच्यामागून तिथे शिरले तर त्यांना दंड होईल, हे आधीच सांगून ठेवा. मेट्रोत खाल्ले-प्यायले तरी शंभर दिरहॅम दंड आहे; पर्समधला चिवडा तिथे उघडायचा नाही. बायकांनी चालवलेल्या, गुलाबी टपाच्या टॅक्सीही मिळतात. खाडी ओलांडायला अब्रा नावाची लाकडी होडी आहे, भाडे फक्त एक दिरहॅम. संध्याकाळच्या वाऱ्यात ही फेरी जरूर करा. जबल अलीला 2022 मध्ये हिंदू मंदिर उघडले आणि अबू धाबीचे मोठे दगडी स्वामिनारायण मंदिर 14 फेब्रुवारी 2024 ला. जायचे ते शक्यतो नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात बाहेर चाळीस अंशांच्या वर आणि दुकानात हुडहुडी, म्हणून शाल जवळ हवीच. अडचणीच्या वेळी पोलिसांसाठी 999 आणि रुग्णवाहिकेसाठी 998 हे आकडे पाठ करा.

राहता राहिले सोने! देराच्या सोनेबाजारात पाय ठेवला की बायकांचे भान हरपते. पण हे ध्यानात असू द्या, की दागिने बिनकराचे आणायची सवलत एक वर्षाहून जास्त काळ परदेशी राहून येणाऱ्यांना असते. महिना-दोन महिने लेकीकडे जाऊन येणारीला नाही. घेतले तर पावती जपा आणि परत आल्यावर मुंबईत कस्टमपुढे लाल मार्गाने जाऊन सांगा. शिवाय इकडून जाताना अंगावर पाटल्या-बांगड्या घालून जाणार असाल, तर निघतानाच आपल्या विमानतळावर त्या कस्टमला दाखवून तसे प्रमाणपत्र घ्या, नाहीतर येताना तुमचेच दागिने तुम्हाला तुमचे म्हणून पटवून द्यावे लागतील. यासाठी विमानतळावर तासभर आधी पोचावे, आणि तो कागद पासपोर्टबरोबर पर्समध्ये ठेवावा, मोठ्या बॅगेत नको.