तापलेले ऑइल काय सांगते?

सकाळी आठला रोटावेटर अलगद उचलणारा ट्रॅक्टर दुपारी दोनला तोच रोटावेटर वीतभर उचलून थांबतो. लिव्हर पूर्ण वर ओढली तरी लिफ्ट हलत नाही. रात्री गाडी गार झाली की दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळे ठीक! जुना ट्रॅक्टर घेतल्यावर अशी तक्रार निघाली की घाईने पंप बदलला जातो. हजारो रुपये जातात आणि दुपारची रड तशीच राहते. बिघाड कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, यातच त्याचा ठावठिकाणा दडलेला असतो. तो नीट वाचता आला, तर पाना हातात घेण्याआधीच अर्धे निदान होते.

आधी गाडीचे काम विचारा

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात काळी जमीन, सोयाबीन-कापूस आणि मांजरा धरणाच्या पाण्यावरचा ऊस आहे. इथल्या जुन्या ट्रॅक्टरने कोणते काम केले, यावर त्याची झीज ठरते. कारखान्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या गाडीचे क्लच, गिअर आणि ब्रेक थकलेले असतात. लिफ्ट मात्र फारशी वापरलेली नसते. रोटावेटर आणि पलटी नांगरावर राबलेल्या गाडीत पीटीओ आणि हायड्रॉलिकवर जास्त ताण आलेला असतो. म्हणून मीटरवरच्या तासांआधी गाडीचे काम विचारावे.

पंप दाब देत नाही, प्रवाह देतो

ट्रॅक्टरची लिफ्ट पास्कलच्या नियमावर चालते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. समजा, लिफ्टच्या पिस्टनचा व्यास 9 सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 64 चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला 150 किलोचा दाब मिळाला, तर पिस्टनवर साडेनऊ टनांहून जास्त जोर येतो. पिस्टन थोडाच सरकतो आणि खालचे हात बरेच वर जातात, त्यामुळे हातांच्या टोकाशी या जोराचा लहानसा भागच उरतो. तरीही टन-दीड टन वजन उचलायला तो पुरतो.

पंप मात्र फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो वजनाने केलेल्या विरोधातून. म्हणूनच हलका पेरणीयंत्राचा सांगाडा आरामात उचलणारी लिफ्ट रोटावेटरला नकार देऊ शकते. रिकामी लिफ्ट वर-खाली करून दाखवणे ही चाचणीच नव्हे. जुना ट्रॅक्टर पाहायला जाताना जड अवजार जोडलेले असावे आणि गाडी तासभर कामात चालवलेली असावी.

फट दुप्पट, गळती आठपट

तासभर चालवण्यामागे पक्के शास्त्र आहे. पंपाचे गिअर आणि त्यांचे घर, झडप आणि तिचे भोक यांच्यामध्ये केसाहून बारीक फट असते. त्या फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. झिजून फट दुप्पट झाली, तर तेवढ्याच दाबाला गळती आठपट होते. शिवाय ऑइल जितके पातळ, तितकी गळती जास्त. हायड्रॉलिकच्या 68 ग्रेडच्या साध्या ऑइलचा घट्टपणा 40 अंशांना 68 असतो, तर 100 अंशांना जेमतेम 9 उरतो. केजच्या मे महिन्यात हवाच चाळिशी ओलांडते. गार, घट्ट ऑइल सकाळी झिजलेली फट झाकून ठेवते. दुपारचे पातळ ऑइल ती उघडी पाडते.

उलट प्रकारही घडतो. सकाळी लिफ्ट रेंगाळते आणि गाडी तापल्यावर सुधारते. तेव्हा बहुधा पंपाकडे ऑइल नेणारी जाळी तुंबलेली असते किंवा ऑइल नको तितके घट्ट असते. इथे जाळी धुऊन योग्य ग्रेडचे ऑइल भरले तरी काम भागू शकते.

इंजिन बंद करा आणि थांबा

तापलेल्या गाडीवर जड अवजार पूर्ण वर घ्या आणि लिव्हर वरच ठेवून इंजिन बंद करा. पंप थांबला, आता वजन पेलण्याची जबाबदारी पिस्टनचा सील आणि झडपा यांच्यावर आली. अवजार भराभर खाली बसले, तर गळती त्यांच्यात आहे. पंप बदलून काही होणार नाही. इंजिन चालू असताना लिफ्ट थोडी बसते, पुन्हा वर येते, पुन्हा बसते, हेही याच गळतीचे लक्षण. उलट, उचललेले अवजार नीट टिकते पण उचलतानाच दम लागतो, तर संशय पंप, जाळी किंवा रिलीफ व्हॉल्व्हवर घ्यावा. तिथे मिस्त्रीने ट्रॉलीच्या हायड्रॉलिक पॉइंटला प्रेशर गेज लावून दाब मोजावा.

मध्य प्रदेशातील बुधनीच्या केंद्रीय परीक्षण संस्थेत ट्रॅक्टरची अशीच परीक्षा होते. वजन उचलून धरतात आणि दर पाच मिनिटांनी ते किती खाली आले हे अर्धा तास नोंदवतात. शेताच्या बांधावर जमिनीपासूनची उंची टेपने मोजून हीच चाचणी करता येते.

नांगरताना लिफ्ट आपोआप वर येते, ही तक्रार मात्र अनेकदा बिघाडाची नसते. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनने तीन बिंदूंच्या जोडणीतून मातीचा विरोध ओळखणारी पद्धत विकसित केली; 1939च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरने ती जगभर नेली. ओढ वाढली की ही यंत्रणा नांगर किंचित उचलते. काळ्या, कडक जमिनीत ड्राफ्टची लिव्हर चुकीच्या जागी असेल, तर नांगर सारखा उसळतो. आधी लिफ्टची आणि ड्राफ्टची अशा दोन्ही लिव्हर तपासाव्यात, मग मिस्त्री बोलवावा.

गिअरबॉक्स ऐकायचा कसा?

गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. येणारा घरघराट क्लच दाबताच थांबला, तर गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग किंवा सतत फिरणारे गिअर तपासावेत. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग. चालताना वेगासोबत आवाज वाढतो, तर क्राउन-पिनियन. फक्त वळताना येतो, तर डिफरन्शिअल. गिअर टाकताना दात करकरत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नसावा. पेडलचा फ्री प्ले आधी पाहावा. उतारावर गिअर निसटतो, तेव्हा दातांची टोके झिजलेली असतात किंवा गिअर जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग सैल झालेली असते. स्प्रिंग स्वस्त आहे, वरचे झाकण काढून दिसते. तिथून सुरुवात करावी.

बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर आणि लिफ्ट एकाच ऑइलवर चालतात. गिअरचा कीस पंपात पोहोचतो आणि गिअरबॉक्सचे दुखणे लिफ्टला लागते. म्हणून ड्रेन बोल्ट काढून त्याचे चुंबकी टोक बोटाने पुसून पाहावे. राखाडी, लोण्यासारखा मऊ थर ही रोजची झीज. नखाला टोचणारे कण दिसले, तर दात किंवा बेअरिंग तुटते आहे. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक पितळी बुशाची असते. दुधाळ ऑइल पाणी शिरल्याचे सांगते. फेस आला, तर पंप हवा ओढतो आहे.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. उचललेल्या अवजाराखाली पक्का टेकू दिल्याशिवाय कुणीही जाऊ नये. आणि दाबाच्या पाइपची गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरावा. ती बारीक धार कातडीत घुसते. तशी घुसली, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

मिस्त्रीकडे जाताना ‘लिफ्ट बिघडली’ एवढेच सांगू नये. ‘तासभर चालल्यावर, रोटावेटर जोडलेला असताना, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांत वीतभर खाली येते’ असे सांगावे. एवढ्या वाक्यावर मिस्त्री पंपाला हात न लावता थेट सील आणि झडपांकडे वळतो, आणि शेतकऱ्याचे पैसे नेमक्या दुखण्यावर खर्च होतात.