बाटलीवरचा ‘खाद्य’ हा शब्द

वेंगुर्ल्याची माझी मावशी खोबरेलात बांगडे तळते आणि रात्री तेच तेल डोक्याला चोपडते. लग्नानंतर मी साताऱ्याला आले. तिथं भाजीच्या फोडणीत खोबरेल घातलेलं पाहून सासूबाई हात धरून म्हणाल्या, ‘‘अगं, हे केसाचं तेल!’’ दोघींचं म्हणणं आपापल्या ठिकाणी खरं होतं. घाटावर शेंगदाणा आणि करडई खायची, खोबरेल लावायचं. किनाऱ्यावर खायचं तेही खोबरेल आणि लावायचं तेही खोबरेलच. एका तेलाच्या या दोन नांदण्यांनी आपल्या कायद्याला सत्तर वर्षं कोड्यात टाकलं. त्या सत्तर वर्षांत ग्राहकाच्या पदरात काय पडलं, हे मला पाहायचं आहे.

कोकणाला या तेलाचे प्रकार कायद्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. खोबरं वाळवून घाण्यात घातलं की खोबरेल; ओल्या नारळापासून घरी काढायचं ते आवेल आणि मुठेल. मावशीच्या आजीला घाणेवाल्याचं नाव माहीत असायचं, खोबरं कुठल्या वाडीतलं हेही माहीत असायचं. तेव्हा लेबलाची गरजच नव्हती. तेल गावाबाहेरून येऊ लागलं आणि विश्वास कागदावर लिहून घ्यायची वेळ आली.

१९३७ च्या कायद्यातून अ‍ॅगमार्क आला, पण तो ऐच्छिक होता. सक्ती आली ती अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने. कायदा १९५४ चा आणि त्याचे नियम १९५५ चे. त्या नियमांच्या परिशिष्टातले खोबरेलाचे आकडे रसायनशास्त्राच्या पुस्तकातून उचलल्यासारखे वाटतात: आयोडीन मूल्य ७.५ ते १०, साबणीकरण मूल्य किमान २५०, पोलेन्स्के मूल्य किमान १३. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे नियम २०११ मध्ये लागू झाले, तेव्हाही मोजायची पद्धत हीच राहिली.

हे आकडे रुक्ष आहेत, पण मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. त्याचं कारण घरातच घडलं. एका हिवाळ्यात गावातल्या एका दुकानातून स्वस्तातलं तेल आणलं. डिसेंबरात बाटली पांढरीशुभ्र गोठली. खोबरेल २४ अंशांच्या आसपास घट्ट होतं. ‘गोठलं म्हणजे शुद्ध’ हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून निश्चिंत होतो. पण उन्हात ठेवून पातळ केलं तर खोबऱ्याचा वास जवळपास नव्हताच. अन्नसुरक्षा कायद्यात ग्राहकाला पैसे भरून नमुना तपासून घेता येतो, तसा तो घेतला. अहवालात आयोडीन मूल्य १३ च्या वर होतं. आत पाम कर्नेल, म्हणजे तेलमाडाच्या बीच्या गराचं तेल असावं, असं तपासणाऱ्यांनी सांगितलं. तेही खोबरेलासारखंच गोठतं, त्यातही लॉरिक आम्लच जास्त असतं. म्हणून डोळ्याला आणि फ्रिजला फरक कळत नाही. आयोडीन मूल्याला कळतो, कारण पाम कर्नेलचं ते खोबरेलाच्या दुपटीच्या आसपास असतं. आणि पोलेन्स्के मूल्याला कळतो, कारण तिथं ते कमी पडतं. घरच्या कसोटीवर उतरलेलं तेल त्या दोन आकड्यांवर नापास झालं.

पुढचा मोठा टप्पा खोबरेलामुळे आलाच नाही. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, लोकांच्या अंगावर सूज चढली, कित्येक माणसं दगावली. त्याच वर्षी खाद्यतेल पॅकबंदच विकावं असा आदेश निघाला. सुट्या तेलाची बंदी २०११ च्या नियमांतही आहे. मावशी आजही स्टीलची बरणी घेऊन घाण्यावर जाते. नियमाच्या बाजूने तिला मी समजावत नाही, कारण समोर पिळलेलं तेल ती डोळ्यांनी पाहते. पण शहरात कोणी पिंपातून ओतून देत असेल, तर ते घेऊ नये असं मला ठाम वाटतं.

मग लेबलाचे नियम. यातला एक मला फार आवडतो. ‘सुपर रिफाइंड’, ‘डबल रिफाइंड’, ‘अँटी कोलेस्टेरॉल’, ‘हृदयाला सुखद’ असले शब्द खाद्यतेलाच्या पाकिटावर छापायला मनाई आहे. दोन तेलांचं मिश्रण असेल तर कोणतं तेल वजनाने किती टक्के, हे लिहावंच लागतं. २०२० च्या नियमांनुसार पोषणतक्त्यात संपृक्त स्निग्धांश सांगावा लागतो आणि खोबरेलाच्या बाबतीत तो आकडा नव्वदीच्या घरात असतो. तो लपवायचं कारण नाही. किनाऱ्यावरच्या माणसांनी तो वाचावा आणि किती खायचं ते आपलं आपण ठरवावं.

नियम असून काय होतं ते केरळमध्ये २०१८ साली दिसलं. जिथं रोजचं जेवण या तेलावर शिजतं, त्या राज्यात अन्नसुरक्षा आयुक्तांनी एका वर्षात आधी ४५, मग ५१ आणि डिसेंबरात ७४ ब्रँडांवर बंदी घातली. केराफेड या सहकारी संस्थेच्या ‘केरा’ तेलाच्या नावाशी जुळणारी नावं घेऊन कितीतरी बाटल्या दुकानांत उभ्या होत्या. माणूस लेबलावरचं नाव वाचतो, त्याखालचा उत्पादकाचा पत्ता वाचत नाही, हे भेसळ करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पण खोबरेलाच्या लेबलावरून सर्वांत लांबलेला झगडा झाला तो कराचा. उत्पादन शुल्क खात्याचं म्हणणं होतं की छोट्या बाटलीतलं खोबरेल हे केशतेलच. २००९ च्या परिपत्रकाने २०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या केशतेलात टाकल्या. २०१५ मध्ये ते परिपत्रक मागे घेतलं गेलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातच दोन मतं पडली: न्यायमूर्ती रंजन गोगोई म्हणाले खाद्यतेल, न्यायमूर्ती आर. बानुमती म्हणाल्या केशतेल. १८ डिसेंबर २०२४ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. शुद्ध खोबरेलाची बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही. स्वयंपाकाचं तेलही लोक थोडं थोडं विकत घेतात. मला हा निकाल मावशीच्या ओट्यावरून दिल्यासारखा वाटला. तिची बाटली कधी अर्ध्या लिटरच्या वर गेलीच नाही.

निकाल आला तेव्हा जीएसटीत खाद्यतेलाला ५ टक्के आणि केशतेलाला १८ टक्के होते. म्हणजे बाटलीवर ‘खाद्य’ लिहिण्यात उत्पादकाचा फायदा होता आणि त्या शब्दामागून अन्न कायद्याचे सगळे आकडे आपोआप येत होते. ग्राहकाचं हित कराच्या आडून सांभाळलं जात होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलालाही ५ टक्केच कर आहे. तेल स्वस्त झालं याचा आनंद आहे. पण मला एक काळजी वाटते. आता ‘खाद्य’ शब्द टिकवायला तेवढं कारण उरलेलं नाही. अन्न कायद्यात खोबरेलात खनिज तेल अजिबात चालत नाही. केशतेलात लिक्विड पॅराफिन, सुगंध हे सगळं रीतसर घालता येतं. घटकांच्या बारीक यादीत त्याचं नाव असलं की झालं. उद्या तीच निळी बाटली, तोच नारळाचा फोटो, पण ‘खाद्य’ शब्द गेलेला, असं झालं तर घाटावर कुणाच्या लक्षातही येणार नाही. तिथं ते तोंडात घालायचं नसतंच. पण बाळाच्या टाळूला तेच तेल थापतात, बाळंतिणीच्या अंगाला तेच चोळतात. अन्न म्हणून त्याची परीक्षा होत होती, याचा लाभ न खाणाऱ्यांनाही मिळत होता.

गेल्या दिवाळीला साताऱ्याच्या दुकानात मी तीन कंपन्यांच्या बाटल्या हातात घेऊन मागची बाजू वाचली. दोन बाटल्यांवर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, परवाना क्रमांक आणि ‘खाद्य’ शब्द जागेवर होते. तिसरीवर नारळ मोठा होता आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव मिनरल ऑइल होतं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावून तो शब्द स्वतः वाचला आणि तिसरी बाटली फळीवर परत ठेवली.