लाल डब्यात काय असतं?

अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीनं २०१३च्या सुमारास आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पुठ्ठ्याचा एक लाल डबा काढला. नाव किकबॉक्स. मार्क रँडल या अधिकाऱ्याची ही कल्पना. डबा उघडला की सूचनांची कार्डं, वही, पेन, चिकटचिठ्ठ्या, कॉफीच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड आणि एक चॉकलेट. शिवाय एक हजार डॉलर भरलेलं प्रीपेड कार्ड. ज्याला काही नवं करून बघायचंय त्यानं डबा मागावा, प्रशिक्षणाला बसावं आणि कामाला लागावं. त्या हजार डॉलरसाठी साहेबाची सही नको, नंतर बिलं जोडायची भानगड नको.

कंपनीनं पुढे डब्याची रचना सगळ्यांसाठी मोफत खुली केली. नक्कल करायला वही, पेन, कार्डं सोपी. हजार डॉलर अवघड. आणि नावीन्याच्या टूलकिटबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथंच जन्मतो, की टूलकिट म्हणजे आतल्या वस्तू. खरं तर त्या लाल डब्यातली खास गोष्ट म्हणजे कार्डासोबत दिलेला न विचारता खर्च करण्याचा हक्क. चिकटचिठ्ठ्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात.

यामागचा हिशेब भावनिक नाही, रोकडा आहे. दहा लाख डॉलरच्या एका फसलेल्या प्रकल्पाच्या पैशात हजार माणसांना हजार कल्पना तपासता येतात. त्यातल्या बहुतेक मरणारच. पण किटचे टप्पेच असे रचलेत की कल्पना लवकर आणि स्वस्तात मरावी. मी हे का करतोय, हा प्रश्न पहिल्याच टप्प्यावर स्वतःला विचारायचा. मग कल्पना घासूनपुसून खऱ्या ग्राहकांपुढे आजमावायची. आणि वरिष्ठांकडे जायचं ते सगळ्यात शेवटी, आकडे हातात घेऊन. आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत हा क्रम नेमका उलटा असतो.

दुसरा समज त्याहून जुना. सूचना पेटी लावली की सूचना येतात! बँकेत, एसटी स्टँडवर, कारखान्याच्या गेटजवळ ही पेटी असतेच. तिला कुलूप असतं. किल्ली कोणाकडे, हे मात्र विचारावं लागतं. स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या डेनी जहाजबांधणी कारखान्यानं १८८० साली कामगारांच्या सूचनांना बक्षीस द्यायची पद्धत सुरू केली. अमेरिकेत कोडॅकनं १८९८मध्ये तशीच योजना आणली. तिथं पहिलं बक्षीस मिळालं ते खिडक्या धुवाव्यात, म्हणजे कामाच्या जागी उजेड येईल, या सूचनेला. रक्कम दोन डॉलर. नावीन्य म्हणजे काहीतरी जग हलवणारं, असं मानणाऱ्यांनी या धुळकट काचांचा जरूर विचार करावा. कामगाराला जे रोज दिसतं ते व्यवस्थापकाला वर्षानुवर्षं दिसत नाही, म्हणून तर त्याला विचारायचं.

टोयोटानं ही पद्धत अमेरिकेतूनच उचलली. १९५०मध्ये एइजी टोयोडा फोर्डचा रूज इथला कारखाना बघून आले आणि १९५१पासून टोयोटात कर्मचाऱ्यांच्या सूचनांची योजना चालू झाली. पण जपानी कंपन्यांनी पुढे तिचा आतला सांधा बदलला. अमेरिकी पद्धतीत बक्षीस म्हणजे वाचलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा. ऐकायला उदार, पण मग नेमके किती वाचले, हे काढायला समिती हवी, समितीला वेळ हवा, आणि शेवटी आकड्यावरून भांडण ठरलेलं. सूचना महिनोन्‌महिने पडून राहतात. जपानी पद्धतीत बक्षीस बहुतेक वेळा नाममात्र, त्यामुळे हिशेबाचा घोळ नाही. सूचना जवळच्या सुपरवायझरकडे जाते, तो ताबडतोब उत्तर देतो आणि शक्य तर ज्यानं सुचवलं त्यालाच करायला सांगतो. मोठं बक्षीस लावलं की माणसं जास्त सुचवतात, हा समज त्यामुळे निम्माच खरा. उत्तर किती दिवसांत येतं, यावर पुढची सूचना येणार की नाही ते ठरतं.

मग बोर्डरूममधलं ते लाडकं साधन, ब्रेनस्टॉर्मिंग. जाहिरात व्यवसायातल्या अ‍ॅलेक्स ऑस्बोर्न यांनी १९४०-५०च्या दशकांत ते लोकप्रिय केलं: सगळ्यांनी एकत्र बसा, टीका करू नका, सुचेल ते बोला. गटात माणूस एकट्यापेक्षा कितीतरी जास्त कल्पना काढतो, असा त्यांचा दावा होता. येल विद्यापीठात १९५८ साली तो तपासला गेला. चार जणांचे गट एकीकडे आणि एकेकटे काम करणाऱ्या चौघांच्या कल्पनांची बेरीज दुसरीकडे. एकेकट्यांची बेरीज जवळजवळ दुप्पट भरली. डील आणि श्ट्रोब या संशोधकांनी १९८७मध्ये मुख्य कारणही दाखवलं: एक बोलत असतो तेव्हा बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघतात, आणि तेवढ्यात सुचलेलं विसरतं किंवा नव्यानं सुचणंच थांबतं. साहेब आधी बोलले तर काय होतं, हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. म्हणून नीट विचार करून बनवलेल्या किटमध्ये आधी दहा मिनिटं गप्प बसून लिहायचं आणि मग वाचून दाखवायचं, असा नियम असतो. टेबलावर तीच चिठ्ठी, तेच पेन. फरक फक्त क्रमाचा.

एका ठिकाणी यशस्वी झालेलं किट दुसरीकडे तसंच्या तसं चालतं, या समजुतीची सगळ्यात कडक परीक्षा मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये झाली.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट म्हणजे एका कागदावरच्या १९ बाबी. भूल देण्याआधी, सुरी लावण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी, असे तीन थांबे. त्यात एक बाब वरवर पोरकट वाटते: टीममधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. पण ज्या नर्सनं सुरुवातीला एकदा तोंड उघडलेलं असतं, ती पुढे ‘डॉक्टर, थांबा’ म्हणण्याची शक्यता वाढते. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत चेकलिस्टची चाचणी झाली. त्यातलं एक नवी दिल्लीतलं. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं आणि गुंतागुंतीचं ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर.

पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं रुग्णालयांना चेकलिस्टच्या वापराचे आकडे जाहीर करायला लावलं. २०१४ साली १०१ रुग्णालयांचा अभ्यास छापून आला: मृत्यूदर ०.७१ टक्क्यावरून ०.६५ टक्क्यावर, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबात फरक नाहीच. वापराचे आकडे तर झकास होते. चेकलिस्टच निकामी, असं काहींनी म्हटलं. पण आदेश आल्यावर चौकोनात खूण करणं आणि खरोखर थांबून एकमेकांना विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्टीकरण जास्त पटतं. गंमत म्हणजे मूळ कागदाच्या तळाशीच लिहिलंय की स्थानिक पद्धतीप्रमाणे भर घाला, बदल करा.

किट चांगलं कसं बनतं, हे त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या उदाहरणात जास्त स्पष्ट दिसतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालताना होणारा संसर्ग टाळण्यासाठी पाच बाबींची यादी केली: हात धुणं, त्वचेला क्लोरहेक्सिडीन लावणं, पूर्ण निर्जंतुक आवरण वापरणं वगैरे. यातलं डॉक्टरांना काहीच नवीन नव्हतं. मग पाळत का नव्हते? सामान वेगवेगळ्या ठिकाणी पडलेलं. मध्यरात्री आवरण शोधत कोण फिरणार? म्हणून सगळं एका ढकलगाडीत भरून ठेवलं. आणि डॉक्टरनं एखादी पायरी गाळली तर नर्सनं त्याला थांबवायचं, व्यवस्थापन तिच्या पाठीशी राहील, हेही ठरलं. यादी, गाडी आणि थांबवण्याचा अधिकार, तिन्ही मिळून किट. मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत हा उपक्रम राबवला, तेव्हा तीन महिन्यांत संसर्गाचं मध्यक प्रमाण दर हजार कॅथेटर-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आलं.

राहिला शेवटचा समज: ही सगळी शिकलेल्या, वातानुकूलित लोकांची चैन आहे. जपानमध्ये काओरु इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२मध्ये क्वालिटी सर्कल, म्हणजे आपल्या कामातल्या अडचणी स्वतः सोडवणारा छोटा गट, सुरू केलं ते मशीनवरच्या कामगारांसाठी. त्या काळात प्रचारात आलेली सात साधनं, म्हणजे माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती, पॅरेटो तक्ता, तपासणी तक्ता आणि बाकीची, कागद-पेन्सिलीवर जमणारी होती. इशिकावा आणि सहकारी फोरमनांसाठी एक नियतकालिकही काढत; फोरमननं ते स्वतःच्या खिशातून विकत घ्यावं म्हणून त्याची किंमत मुद्दाम कमी ठेवली होती. भारतात १९८०मध्ये हैदराबादच्या बीएचईएलमध्ये पहिलं सर्कल झालं आणि १९८२मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाली. पिंपरी-भोसरी-चाकणच्या पट्ट्यात आज कायझेन (छोटी छोटी सुधारणा), फाईव्ह एस (कामाच्या जागेची नीट मांडणी), पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना) हे शब्द चहाच्या टपरीवरही समजतात.

तिथंही रोग तोच. महिन्याला माणशी एक कायझेन असा कोटा लागला की अखेरच्या दिवशी शीट भरण्याची घाई उडते. डाव्या बाजूला ‘आधी’चा फोटो, उजव्या बाजूला ‘नंतर’चा, आणि मध्ये बदल म्हणजे ट्रॉलीला लावलेलं पिवळं स्टिकर. कामगाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून जे मोजलं गेलं ते त्यानं दिलं. त्याच शीटवर नाव, टोकन नंबर, विभाग, मशीन असे रकाने असतात. सूचनेला उत्तर कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हा रकाना बहुधा नसतो. तो घातला तर मोजमाप कामगाराबरोबर साहेबाचंही सुरू होतं, आणि शीटचा नमुना मंजुरीला जातो साहेबाकडेच.